एका वाड्यात साठ बिऱ्हाडं

रेल्वेचं तिकीट काढताना, विजेचं बिल भरताना किंवा दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपरचा नंबर सांगताना आपलं काम कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर होत असतं. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू राहून अनेकांची मागणी पुरवणारा दणकट संगणक. पण आपल्याला उत्तर देणाऱ्या त्या सर्व्हरला स्वतःची वेगळी पेटी बहुधा नसतेच. तो एका मोठ्या यंत्राच्या पोटात राहत असतो, आणि त्याच्या शेजारी त्याच्यासारखेच आणखी वीस-पंचवीस. या व्यवस्थेला सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन म्हणतात.

मराठीत ‘व्हर्च्युअल’साठी ‘आभासी’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्दांत रमणाऱ्या माणसाला तो थोडा खटकतो. आभास म्हणजे दोरीवर दिसलेला साप. दिवा आणला की नाहीसा होणारा. हा सर्व्हर दिवा आणला तरी जागेवर असतो, हिशेब करतो, पगार जमा करतो. फारसीत याला ‘मजाजी’ म्हणतात. गझल वाचणाऱ्यांना इश्क-ए-मजाजी आणि इश्क-ए-हकीकी ही जोडी ठाऊक आहे. मजाज म्हणजे निव्वळ खोटं नव्हे, हकीकतीच्या आधाराने उभं राहिलेलं रूप. आपल्या विषयाला ही छटा जास्त जवळची. कारण प्रश्न नेमका हाच आहे : हे मजाजी सर्व्हर ज्या हकीकतीवर उभे आहेत, ती किती भक्कम?

कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या केंब्रिज इथल्या केंद्रात ती आकाराला आली आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने बाजारात आली. तेव्हा यंत्र इतकं महाग, की एकाच यंत्रात अनेकांची सोय लावणं भाग होतं. पुढे संगणक स्वस्त झाले आणि उलटा प्रकार सुरू झाला. पगाराला एक सर्व्हर, ई-मेलला दुसरा, हजेरीला तिसरा. एकावर दोन कामं ठेवली तर एकाचं दुखणं दुसऱ्याला लागे, म्हणून ही वाटणी. खोल्या यंत्रांनी भरल्या. त्यांच्या ताकदीतले शंभरातले दहा-पंधरा हिस्से जेमतेम वापरात. वीज आणि वातानुकूलन मात्र पुरेपूर. १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने साध्या संगणकांवर ही जुनी युक्ती शक्य करून दाखवली. २००३ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून ‘झेन’ आलं, आणि २००७ साली ‘केव्हीएम’ थेट लिनक्सच्या गाभ्यात दाखल झालं.

ही युक्ती समजून घ्यायला आपला जुना वाडा आठवावा. वाडा एक, बिऱ्हाडं अनेक. प्रत्येकाची चूल वेगळी, कडी वेगळी. वाड्याचं पाणी, जिना, अंगण कारभारी वाटून देतो. इथे या कारभाऱ्याला हायपरवायझर म्हणतात. खऱ्या यंत्राचा प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि नेटवर्क यांची तो वाटणी करतो. प्रत्येक बिऱ्हाडाला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, वाटतं की सगळं यंत्र आपलंच आहे. एकाची चूल विझली तरी शेजारच्याचा स्वयंपाक थांबत नाही.

पण वाडाच कोसळला तर? आधी एक यंत्र बिघडलं की एक काम अडायचं. आता वीस अडतात. म्हणून एकखांबी तंबू इथे चालत नाही. डेटा सेंटरमध्ये ही व्यवस्था उभारण्याचं खरं कौशल्य याच धोक्याचा बंदोबस्त करण्यात आहे.

एक साधा हिशेब करू. समजा, प्रत्येकी ५१२ गिगाबाइट स्मृतीची तीन यंत्रं घेतली. बेरीज १,५३६. मोह होतो की सगळी भाड्याने द्यावी. पण एक यंत्र बंद पडलं तर त्यातली बिऱ्हाडं उरलेल्या दोघांत मावली पाहिजेत. म्हणजे वापरायची फक्त १,०२४. प्रत्येक बिऱ्हाडाला १६ दिली तर चौसष्ट. कारभाऱ्याचा स्वतःचा वाटा सोडून साठ धरावीत. रिकामी दिसणारी ती तिसरी जागा उधळपट्टी नव्हे, तो विमा आहे. कामं वाढली की हिशेब तपासणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच जाते, आणि घात तिथेच होतो.

दुसरी गोष्ट साठवणुकीची. बिऱ्हाडाचं सामान एकाच यंत्राच्या डिस्कवर असेल, तर यंत्रासोबत तेही अडकतं. म्हणून तिन्ही यंत्रांना पोचता येईल असं सामाईक स्टोअरेज ठेवतात. मग एक यंत्र गेलं की दुसरं तेच सामान उघडून काही मिनिटांत काम पुन्हा सुरू करतं. दुरुस्ती ठरवून करायची असेल, तर चालतं बिऱ्हाडही हलवता येतं. स्मृतीतली पानं नव्या यंत्रात उतरवली जातात, तेवढ्यात बदललेली पुन्हा उतरवली जातात, आणि शेवटी क्षणभर थांबून कारभार तिकडे सोपवला जातो. वापरणाऱ्याला बहुधा पत्ताही लागत नाही.

तिसरी गोष्ट वाटांची. स्टोअरेजची वाट वेगळी, लोकांच्या ये-जा करण्याची वेगळी, कारभाऱ्याची वेगळी आणि बंदिस्त. प्रत्येक वाटेला दोन केबल, त्या दोन निरनिराळ्या स्विचना. प्रत्येक यंत्राला वीजही दोन बाजूंनी. यंत्रांचा आपसातला संपर्क तुटला तर दोघंही ‘मीच खरा’ म्हणून एकच बिऱ्हाड चालवू लागतील आणि नोंदींचा चुथडा होईल. म्हणून मतदान असतं. तिघांपैकी दोघांचं जमलं तरच काम पुढे; एकटा पडलेला गप्प बसतो.

एवढं करूनही एक उणीव उरते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि पाच मजली इमारत जळून गेली. जीवितहानी झाली नाही, पण ज्यांच्या नोंदींची प्रत दुसरीकडे नव्हती, त्यांच्या नोंदी कायमच्या गेल्या. तीन यंत्रं, दोन वाटा, मतदान हे सगळं एकाच छपराखाली असेल, तर आगीला त्याचं काय? म्हणून निदान एक प्रत दुसऱ्या गावी, शिवाय कारभाऱ्याचा हात पोचणार नाही अशी. स्नॅपशॉट नावाची सोय असते, ती प्रत नव्हे. ती मूळ डिस्कच्याच आधारावर जगते. मूळ गेलं की तीही गेली.

धोका आगीचाच असतो असं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि कायमचे परवाने विकणं बंद करून वर्गणीची पद्धत आणली. अनेक ग्राहकांचा खर्च वाढला आणि काहींनी दुसरा वाडा शोधायला घेतला. कारभारी निवडताना उद्या बाहेर पडायची वाट आहे का, हेही पाहावं लागतं.

हे सगळं तंत्रज्ञांनी पाहावं, आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण गावची पतसंस्था, धर्मादाय दवाखाना, शाळा यांचे विश्वस्त आपल्यातलेच असतात. त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारावेत. एक यंत्र आत्ता बंद केलं तर काम किती मिनिटांत पुन्हा सुरू होईल? आणि ठेवलेल्या प्रतीवरून सगळं परत उभं करून शेवटचं कधी पाहिलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेत मिळालं, तर हकीकत भक्कम आहे. ‘बॅकअप आहे ना’ एवढंच मिळालं, तर मात्र तो आभास समजावा.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)