ख्रिस्ती सामाजिक जबाबदारी आणि वऱ्हाड

ख्रिस्ती सामाजिक जबाबदारी म्हणजे समाजातील अन्याय व दुष्प्रवृत्ती यांना विरोध करणे आणि समाजाला चांगले वळण लावण्यासाठी झटणे, हे श्रद्धावंताचे कर्तव्य मानणारी ख्रिस्ती नीतिशास्त्रातील भूमिका होय. महाराष्ट्रात या भूमिकेचा प्रभाव एकोणिसाव्या शतकापासून स्त्रीसुधारणा, दुष्काळ निवारण, शिक्षण व आरोग्यसेवा या क्षेत्रांत दिसतो. वऱ्हाडात, विशेषतः अकोला व अमरावती या जिल्ह्यांत, तिचे एक ठळक उदाहरण म्हणजे अकोल्याच्या मिशनरी जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीचे लेखन. दुष्काळातील अनाथालये आणि कुष्ठरोग्यांची सेवा ही या कार्याची दुसरी बाजू होती. या कार्यावर धर्मांतर आणि जातिभेद या दोन मुद्द्यांवरून टीकाही झाली.

संकल्पना आणि बायबलमधील आधार

या भूमिकेचा आधार बायबलच्या जुन्या व नव्या अशा दोन्ही करारांत सांगितला जातो. आमोस, यशया, मीखा हे संदेष्टे धार्मिक विधी काटेकोरपणे पाळणाऱ्या, पण गरीब, अनाथ व विधवा यांना नाडणाऱ्या समाजाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना करतात. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात शिष्यांना मिठाची आणि दिव्याची उपमा दिली आहे. मीठ अन्नात मिसळते आणि ते नासू देत नाही. दिवा अंधार उजळतो. समाजापासून अलिप्त न राहता त्यात मिसळून त्याचे रक्षण करावे, असा या दोन उपमांचा अर्थ लावला जातो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी वाटसरूला टाळून पुढे जाणारे दोघेही धार्मिक अधिकाराचे लोक आहेत, तर मदत करणारा मनुष्य तुच्छ लेखल्या गेलेल्या जमातीचा आहे. पौलाच्या पत्रांत वाइटाची परतफेड वाइटाने न करता चांगल्याने करण्याचा उपदेश आहे. अंधारातील कृत्यांत सहभागी न होता ती उघडकीस आणावीत, असेही तेथे सांगितले आहे.

या वचनांतून कर्तव्याची तीन अंगे पुढे येतात. पहिले अंग म्हणजे अन्यायाला अन्याय म्हणून उघडपणे नाव देणे. दुसरे अंग म्हणजे पीडितांना प्रत्यक्ष मदत करणे. तिसरे अंग म्हणजे हीच कसोटी प्रथम स्वतःला व आपल्या मंडळीला लावणे. पहिली दोन अंगे वऱ्हाडातील कार्यात स्पष्ट दिसतात, तर तिसऱ्याबद्दल वाद आहेत.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांकडे आला. पुढे कापसाच्या व्यापारामुळे या प्रदेशाचे महत्त्व वाढले आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला व बडनेरा यांवरून नागपूरपर्यंत पोहोचला. खामगाव, अकोला, मूर्तिजापूर, अमरावती अशी मिशन केंद्रे प्रामुख्याने याच मार्गालगत उभी राहिली. त्याआधी १८७० च्या दशकात अल्बर्ट नॉर्टन या अमेरिकन मिशनऱ्याने एलिचपूर (आताचे अचलपूर) येथे काम सुरू केले होते. एलिचपूर हे मेळघाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे तेथील मिशनचा संबंध कोरकू आदिवासींशी आला. पुढे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था अकोला, अमरावती आणि तत्कालीन वऱ्हाडच्या इतर भागांत कार्यरत झाली.

मराठीत या विचाराची पूर्वपीठिका मात्र मिशनऱ्यांपुरती मर्यादित नव्हती. बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ या कथाकृतीतून हिंदू विधवांची दुःखे मांडली. पंडिता रमाबाई यांनी १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. दोघेही ख्रिस्ती झालेले मराठी लेखक होते.

जेनी फुलर यांचे लेखन

जेनी फ्रो फुलर (१८५१–१९००) या अमेरिकन मिशनरी होत्या. त्या प्रथम एलिचपूरच्या मिशनमध्ये आल्या. मार्कस फुलर यांच्याशी विवाह झाल्यानंतर अकोला हे त्यांचे प्रमुख कार्यक्षेत्र बनले. खेडोपाडी आणि घरोघरी स्त्रियांमध्ये वावरताना त्यांना बालविवाह, विधवांचे हाल आणि देवाला मुली वाहण्याची प्रथा यांचे दर्शन घडले. या विषयांवर त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात लेखमाला लिहिली. हे लेख १९०० मध्ये ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. त्याच वर्षी फुलर यांचे निधन झाले.

पुस्तकात बालवधू, विधवा, देवदासी, खंडोबाला वाहिलेल्या मुरळी आणि स्त्रीबालहत्या या विषयांचा समावेश आहे. सरकारने काय केले आणि भारतीय सुधारकांनी काय केले याचाही विचार त्यात आहे. ज्या काळात हे लेख लिहिले गेले तो काळ या प्रश्नांवरील तीव्र वादाचा होता. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणे प्रसिद्ध केली होती. रखमाबाईंच्या खटल्याने बालपणी झालेला विवाह स्त्रीवर लादता येतो का, हा प्रश्न न्यायालयात आणला होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे केले, तेव्हा महाराष्ट्रात सुधारक व सनातनी यांच्यात मोठा संघर्ष झाला.

अशा प्रसंगी परदेशी व्यक्तीने केलेली टीका दुधारी ठरते. समाजातील दोष दाखविल्याने त्या दोषाचे बळी ठरलेल्यांना वाचा फुटते. पण तीच टीका संपूर्ण समाजाला हीन लेखण्यासाठी आणि परकीय सत्तेचे समर्थन करण्यासाठीही वापरता येते. फुलर यांच्या पुस्तकात ख्रिस्ती धर्म हाच अंतिम उपाय मानला असला, तरी भारतीय सुधारकांच्या प्रयत्नांची दखल घेतलेली आहे आणि त्याची प्रस्तावनाही एका मराठी स्त्रीची आहे. याच्या उलट, कॅथरीन मेयो यांच्या १९२७ मधील ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने बरेचसे तेच विषय घेऊन भारतीय स्वराज्याला अपात्र आहेत असा सूर लावला. महात्मा गांधींनी त्या पुस्तकाची तुलना गटारे तपासणाऱ्या निरीक्षकाच्या अहवालाशी केली होती. विषय एकच असला, तरी तो कोणत्या हेतूने आणि कोणाच्या साथीने मांडला जातो, यावर त्याचे नैतिक मूल्य अवलंबून असते, हे या दोन पुस्तकांच्या तुलनेतून दिसते.

फुलर यांनी हाताळलेल्या प्रश्नांवरील कायदे बऱ्याच नंतर झाले. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलींसाठी विवाहाचे किमान वय १४ आणि मुलांसाठी १८ वर्षे ठरविले. देवाला मुली वाहण्यास मुंबई प्रांतात १९३४ च्या देवदासी संरक्षण कायद्याने बंदी आली.

दुष्काळ आणि अनाथालये

१८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडला मोठा तडाखा दिला. १९०१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या २७,५४,०१६ भरली. आधीच्या दशकाच्या तुलनेत ती सुमारे ५ टक्क्यांनी घटली होती. सरकारी मदतकामांवर खडी फोडून किंवा माती वाहून मजुरी मिळे. परंतु आईबाप गमावलेली मुले या व्यवस्थेत सहज दुर्लक्षित राहत. अशा मुलांसाठी मिशनने अकोला येथे मुलांचे आणि खामगाव येथे मुलींचे अनाथालय चालविले. पंडिता रमाबाईंनीही १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली व विधवा यांना आपल्या संस्थेत आणले. त्यातूनच केडगावच्या मुक्ती सदनाचा विस्तार झाला.

अनाथालयात अन्न व निवारा यांबरोबर अक्षरओळख आणि हस्तव्यवसाय यांचे शिक्षण देण्यामागे एक निश्चित विचार होता. दुष्काळ ओसरल्यावर मूल पुन्हा परावलंबी होऊ नये, यासाठी त्याच्या हाती उदरनिर्वाहाचे साधन असणे आवश्यक मानले गेले. त्याचबरोबर ही मुले ख्रिस्ती संस्कारांत वाढत असल्याने हेच कार्य पुढील वादाचेही मूळ ठरले.

कुष्ठरोग आणि आरोग्यसेवा

कुष्ठरोग्याला घराबाहेर काढण्याची प्रथा केवळ रोगाच्या भीतीतून नव्हे, तर तो पापाचे फळ आहे या समजुतीतूनही टिकून होती. त्यामुळे येथे वाईट गोष्टीशी सामना करणे म्हणजे रोगाबरोबरच बहिष्काराशी लढणे होते. अचलपूर-परतवाडा परिसरातील कोठारा येथील कुष्ठरोग रुग्णालय हे या कार्याचे वऱ्हाडातील प्रमुख केंद्र असून ते लेप्रसी मिशन या संस्थेशी संलग्न आहे. हेच कार्य इतर प्रेरणांतूनही झाले. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवनाची स्थापना केली. त्यांची प्रेरणा राष्ट्रीय चळवळीतील व गांधीविचाराची होती.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुऔषधी उपचारपद्धतीची शिफारस केल्यानंतर कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. त्यामुळे रुग्णांना आयुष्यभर वसाहतीत ठेवण्याचे कारण उरले नाही. तरीही कायद्यातील भेदभाव दीर्घकाळ टिकला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद विविध वैयक्तिक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आली.

तत्कालीन अकोला जिल्ह्यातील वाशिम येथे चर्च ऑफ द नाझरीनने १९३८ मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले. डॉ. ऑर्फा स्पायकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या रुग्णालयाला परिचारिका प्रशिक्षणाचीही जोड मिळाली.

धर्मांतराचा वाद

मदत आणि धर्मप्रसार एकाच संस्थेकडून होत असतील, तर मदत घेणाऱ्याची निवड खरोखर मुक्त राहते का, हा या कार्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप होय. १८९३ मध्ये शारदा सदनातील विद्यार्थिनी ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या वादातून न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांनी संस्थेच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. दोघेही स्त्रीशिक्षणाचे समर्थक असल्यामुळे हा आक्षेप केवळ सनातन्यांचा होता, असे म्हणता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न पुन्हा पुढे आला. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. समितीने १९५६ च्या अहवालात प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतरांवर ठपका ठेवला आणि त्यांवर नियंत्रणाच्या शिफारशी केल्या. ख्रिस्ती संघटनांनी हा अहवाल एकांगी असल्याचे सांगून त्याला विरोध केला. सेवेच्या समर्थकांचे म्हणणे असे की, शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी मनुष्याचा धर्म विचारला जात नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की, त्याच दाखल्यात मदतीनंतर त्याला धर्म बदलण्यासही सांगितले जात नाही.

जातिभेद आणि अंतर्गत कसोटी

दुसरी टीका सामाजिक जबाबदारीच्या गाभ्यालाच स्पर्श करते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना दाखवून दिले की, धर्मांतरानंतरही जात चर्चमध्ये टिकून राहिली आणि भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्धच्या लढ्यात फारसा उतरला नाही. हे लेखन त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. शाळा व रुग्णालये उभारणे आणि अन्यायी व्यवस्थेला आव्हान देणे या भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांच्या टीकेचा रोख होता.

वऱ्हाडाच्या इतिहासात या टीकेला विशेष अर्थ प्राप्त होतो. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी चळवळ झाली, तीत डॉ. पंजाबराव देशमुख यांचा सहभाग होता. अमरावती जिल्ह्यातच जन्मलेले गाडगे महाराज कीर्तनातून अस्पृश्यता, कर्जबाजारीपणा आणि अस्वच्छता यांवर प्रहार करीत होते. समाजातील वाइटाशी झुंजण्याचे कर्तव्य कोणत्याही एका धर्माची मक्तेदारी नव्हते, हे या समकालीन चळवळींतून स्पष्ट होते.

विसाव्या शतकातील विचार

विसाव्या शतकात ख्रिस्ती विचारात व्यक्तिगत सेवेकडून अन्यायाच्या मूळ कारणांकडे लक्ष वळले. रोमन कॅथलिक परंपरेत पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या परिपत्रकाने कामगारांच्या हक्कांचा विचार मांडला होता. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील चर्चच्या भूमिकेवर स्वतंत्र संविधान संमत केले. १९७४ च्या लॉझान करारात प्रोटेस्टंट इव्हँजेलिकल नेत्यांनी सुवार्ताप्रसार आणि सामाजिक-राजकीय सहभाग ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये असल्याचे मान्य केले आणि पूर्वी त्यांना परस्परविरोधी मानल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी वर्णभेदाविरुद्ध उभारलेला अहिंसक लढा हे या विचाराचे सर्वपरिचित उदाहरण मानले जाते. त्यावर गांधींच्या सत्याग्रहाचाही प्रभाव होता.

वऱ्हाडातील अनुभव याच विकासक्रमाशी जुळतो. अकोल्याच्या लेखमालेने अन्यायाला नाव दिले. अनाथालये व रुग्णालये यांनी त्याचे घाव भरण्याचा प्रयत्न केला. नियोगी समितीच्या चौकशीने आणि आंबेडकरांच्या टीकेने मात्र हे कार्य करणाऱ्यांनाच प्रश्न विचारले. मदत घेणाऱ्याचे स्वातंत्र्य अबाधित राहिले का आणि मंडळीच्या आत समता आली का, या दोन प्रश्नांच्या आधारे या कार्याचे मूल्यमापन आजही केले जाते.