साठवण प्रणालीतील विदा वाहतूक नियंत्रण

साठवण प्रणालीतील विदा वाहतूक नियंत्रण म्हणजे सामाईक साठवण साधनावर येणाऱ्या वाचनाच्या व लेखनाच्या विनंत्या मोजून प्रत्येक वापरकर्त्याचा किंवा आज्ञावलीचा वाटा ठरवून देण्याची पद्धत होय. अनेक आभासी यंत्रे एकच साठा वापरत असताना एखाद्या कामाने सारी क्षमता व्यापली, तर इतरांची कामे खोळंबतात. अशा कामाला संगणक क्षेत्रात 'गोंगाट करणारा शेजारी' म्हणतात.

गरज

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा जातो. शीर्ष सरकण्याचा वेळ त्यात मिळवल्यास, विखुरलेल्या जागांवरील विनंत्या सेकंदाला साधारणपणे शंभराच्या आसपासच पूर्ण होतात. सॉलिड स्टेट ड्राइव्हची क्षमता याहून कितीतरी अधिक असली, तरी तीही अमर्याद नसते.

मोजमाप

सेकंदाला पूर्ण झालेल्या विनंत्या, सेकंदाला वाहिलेली विदा आणि प्रत्येक विनंतीस लागलेला विलंब या तीन राशी एकत्रितपणे पाहाव्या लागतात. चार किलोबाइटच्या दहा हजार विनंत्या आणि एक मेगाबाइटच्या चाळीस विनंत्या यांतून वाहणारी विदा जवळपास सारखीच, म्हणजे सुमारे ४० मेगाबाइट असते. साधनावर पडणारा भार मात्र भिन्न असतो. लिनक्सवर 'आयओस्टॅट' ही आज्ञावली या तिन्ही राशी दाखवते. केवळ सरासरी विलंब पाहिल्यास मोजक्या पण अतिमंद विनंत्या झाकल्या जातात.

पद्धती

टोकन बकेट ही प्रचलित पद्धत आहे. यात ठरावीक गतीने टोकन जमा होतात व प्रत्येक विनंतीमागे ते खर्ची पडतात; टोकन संपल्यास विनंतीला थांबावे लागते. शांत काळात साचलेली टोकन गर्दीच्या वेळी उपयोगी पडतात. ॲमेझॉनच्या 'जीपी२' साठवण खंडांत अशीच व्यवस्था आहे. पूर्ण भरलेली ५४ लाख टोकन सेकंदाला ३,००० विनंत्यांच्या गतीने वापरल्यास, नवी भर न धरता, ३० मिनिटे पुरतात. त्यानंतर गती मूळ पातळीवर येते.

लिनक्समध्ये हे काम 'कंट्रोल ग्रुप' करतात. त्यांच्या पहिल्या पिढीत आधी स्मृतीत साठून नंतर डिस्कवर जाणारे लेखन मूळ आज्ञावलीच्या खाती धरले जात नसे, त्यामुळे मर्यादा घालूनही ती चुकवली जाई. २०१६ मधील ४.५ आवृत्तीत अधिकृत झालेल्या दुसऱ्या पिढीत, ईएक्सटी४ सारख्या काही फाइल प्रणालींपुरती, ही त्रुटी दूर झाली.

गुणदोष

कठोर मर्यादा घातल्यास साधन रिकामे असतानाही काम अडून राहते. भारांकानुसार वाटणी केल्यास शिल्लक क्षमता गरजूंना मिळते, परंतु वेगाची निश्चित हमी राहत नाही. म्हणून मर्यादा ठरवण्यापूर्वी गर्दीच्या व शांत अशा दोन्ही काळांतील मोजमाप आवश्यक ठरते.