काळ्या गाडीवरची बारीक जाळी: का पडते आणि कशी काढावी

दसरा जवळ आला आहे. साडेतीन मुहूर्तांतला हा एक, त्यामुळे या दिवसांत गावात एखादी तरी नवी गाडी येतेच. कुणाच्या घरी नोकरीवाल्या मुलाची, कुणाच्या घरी भाड्यानं लावायची पिवळ्या पाटीची. रंग काळा असेल तर पहिल्या दिवशी गाडी आरशासारखी दिसते. महिना-दोन महिने गेले की उन्हात उभ्या असलेल्या त्याच गाडीच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसू लागतात. मग घरात वाद. पोरांनी काही घासलं का? कंपनीनं रंगच हलका लावला का? तेवढ्यात गॅरेजवाला सांगतो, "पूर्ण गाडीला रबिंग करावं लागेल." आणि एक मोठा आकडा पुढे ठेवतो.

त्या आकड्याला हो म्हणायचं की नाही, हे आपल्याला ठरवता यावं म्हणून आजचा विषय.

जाळी म्हणजे नेमकं काय?

गाडीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. आधी गंज न लागण्यासाठी एक थर, त्यावर प्रायमर, मग काळा रंग आणि सगळ्यात वर बिनरंगाचा पारदर्शक थर. या वरच्या थराला क्लिअर कोट म्हणतात. चकाकी असते ती याच थराची. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन असते. एक मिलिमीटर म्हणजे 1000 मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केससुद्धा साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाहून पातळ थरावर उभी आहे.

जाळी म्हणजे या पारदर्शक थरावर पडलेले अगदी बारीक ओरखडे. ते गोल मात्र नसतात. स्टीलचा जुना डबा बल्बखाली धरून बघा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल रेघा दिसतील. डबा हलवला की ती वर्तुळंही सरकतात. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाच्या सापेक्ष ठरावीक कोनात असलेले तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. गाडीचंही तसंच. पांढऱ्या गाडीवरही हेच ओरखडे असतात, पण पांढऱ्यावर ते उठून दिसत नाहीत. काळा रंग उजेड शोषून घेतो, त्यामुळे त्यावर ओरखड्याची कड तेवढी चमकते.

ती पडते कशामुळे?

बहुतेक वेळा कोरड्या फडक्यानं. आपल्या रस्त्यांवर मुरमाची, मातीची धूळ. तिच्यात वाळूचे बारीक कण असतात. वाळूचा कण काचेलाही ओरखडा पाडतो, मग क्लिअर कोटचं काय? सकाळी घाईत जुन्या साडीच्या तुकड्यानं गाडी पुसली की आपण धूळ काढत नाही, ती गाडीवर घासतो. पिसांची झटकणी, खाली पडलेलं आणि नुसतं झटकून पुन्हा घेतलेलं फडकं, एकाच बादलीतलं गढूळ पाणी, चाकाला वापरलेला ब्रश, या सगळ्यांनी हेच होतं. काही वेळा गाडी आपल्याकडे यायच्या आधीच जाळी पडलेली असते, कारण ती आवारात उभी असताना घाईघाईनं धुतली-पुसली जाते. म्हणून नव्या गाडीचा ताबा मांडवाखाली घेऊ नका. उन्हात उभी करून चहूबाजूंनी बघा आणि काही दिसलं तर सही करण्याआधी लिहून घ्या.

गटापुढे आलेला अर्ज

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाची काळी गाडी लग्नसराईत भाड्यानं जाते. नवरदेवाच्या गाडीला फुलांच्या माळा बांधतात, चिकटपट्ट्या लावतात, उतरवताना ओढून काढतात. सहा महिन्यांत बॉनेटवर दाट जाळी दिसू लागली. एका वर्कशॉपनं पूर्ण गाडीचं रबिंग आणि वर कोटिंग असा 22,000 रुपयांचा अंदाज दिला. ताईंनी तेवढ्या अंतर्गत कर्जाचा अर्ज मासिक बैठकीत मांडला. काळी गाडी चकाकली नाही तर लग्नाची भाडी दुसऱ्याकडे जातील, ही त्यांची भीती खरी होती. पण गाडीच्या बँकेच्या हप्त्यावर आणखी एक हप्ता बसला तर घर कसं चालणार, हा प्रश्नही तितकाच खरा होता. आम्ही अर्ज नाकारला नाही. आधी गाडी बघू, मग ठरवू, असा ठराव केला.

बघायची पद्धत सोपी आहे. गाडी स्वच्छ धुवायची आणि अंधारात मोबाइलची टॉर्च लावून एकेक भाग तपासायचा. दिसणाऱ्या रेघेवरून नख हलकेच आडवं फिरवायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा, पॉलिशनं निघण्यासारखा. नख अडकलं तर तो खोल. तो घासून काढायला गेलं तर क्लिअर कोटच संपायचा. तो तसाच ठेवावा किंवा रंगकाम करणाऱ्याला दाखवावा. ताईंच्या गाडीवर नख अडकणारे ओरखडे दोनच निघाले, ते दाराच्या कडीजवळ. बाकी जाळी होती ती बॉनेट, छत आणि डिकीवर. दारं जवळजवळ ठीक होती. मग पूर्ण गाडीचं रबिंग कशाला?

काढायची कशी?

पहिली पायरी धुण्याची. गाडी सावलीत, पत्रा थंड झाल्यावर. आधी पाइपनं नुसतं पाणी मारून माती सुटू द्यावी. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा शाम्पूत बुडवून छतापासून खाली, सरळ रेषेत फिरवावा. एक भाग झाला की तो साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत. चाकं शेवटी, वेगळ्या फडक्यानं. कपड्याची पावडर वापरू नये, ती गाडीवरचं मेण धुऊन काढते. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर गाडी आपोआप वाळू देऊ नये, पांढरे डाग पडतात. मऊ टॉवेल पसरून, टिपून कोरडी करावी.

दुसरी पायरी, धुतलेल्या पत्र्यावर हात फिरवून बघण्याची. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवली तर खरखर चटकन कळते. खरखर लागली तर गाडीसाठीची खास चिकणमाती मिळते, तिला क्ले बार म्हणतात. ती साबणपाण्यानं ओली ठेवून हलक्या हातानं फिरवावी. जमिनीवर पडली तर फेकून द्यावी.

तिसरी पायरी पॉलिशची. पॉलिश म्हणजे अतिशय बारीक घासणी. ती ओरखडा भरत नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा थर किंचित घासून सपाट करते. दर वेळी क्लिअर कोट थोडा कमी होतो आणि झिजलेला थर परत येत नाही. म्हणून सगळ्यात मऊ फोम आणि सगळ्यात बारीक पॉलिशनं सुरुवात करावी, तीही आधी दीड-दोन फुटांच्या चौकोनावर. टॉर्च लावून बघावं. जाळी गेली तर तेवढंच पुरे. नाही गेली तरच एक पायरी वर जावं.

हातानं पॉलिश केलं तर जाळी फिकी होते, पूर्ण जात नाही. पूर्ण काढायला यंत्र लागतं. यंत्रं दोन प्रकारची. एक नुसतं गोल फिरतं. नवख्या हातात ते एका जागी राहिलं तर रंग तापतो, जळतो. दुसरं फिरता फिरता हेलकावेही घेतं, त्याला ड्युअल ॲक्शन म्हणतात. शिकणाऱ्यासाठी हेच बरं. वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पॉलिश, मध्यम वेग, यंत्र सावकाश आधी आडवं मग उभं फिरवायचं, चार-पाच फेऱ्या. कडा आणि पत्र्याच्या उठावदार घड्या टाळायच्या, तिथं रंग सगळ्यात पातळ असतो. रबर आणि काळ्या प्लास्टिकवर कागदी टेप लावून घ्यायची.

चौथी पायरी, वर मेणाचा थर. पॉलिशनं जाळी जाते, मेणानं चकाकी आणि थोडं संरक्षण मिळतं. मेण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. पॉलिश मात्र वारंवार करायचं नाही.

आम्ही तालुक्याच्या गावातल्या गाडी धुण्याच्या केंद्रावर ड्युअल ॲक्शन यंत्र चालवणाऱ्या मुलाला मजुरी देऊन बॉनेट, छत आणि डिकी एवढंच करून घेतलं. मऊ फोमनंच काम झालं. मजुरी, मेण, हातमोजा आणि टॉवेल धरून 3,500 रुपये लागले. कडीजवळचे दोन ओरखडे आजही आहेत, आणि त्यामुळे एकही भाडं गेलेलं नाही. 22,000 चा अर्ज ताईंनी स्वतःच मागे घेतला.

काय करू नये?

रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्यानं पुसू नका. तेलानं ओरखडे दिवसभर झाकतात आणि मग त्यावर धूळ चिकटते. टूथपेस्ट लावू नका, तिच्यातली घासणी गाडीच्या रंगासाठी बनवलेली नसते. गॅरेजमध्ये नव्यानं रंगवलेल्या भागाला महिनाभर तरी मेण लावू नका, तो रंग आतून वाळायचा असतो. आणि कोटिंगबद्दल एक लक्षात ठेवा. कोटिंग पारदर्शक असतं, खालची जाळी तशीच दिसत राहते. त्यावरही धुळीचं फडकं फिरवलं तर ओरखडे पडतात.

वर्कशॉपमध्ये गेलात तर तीन गोष्टी विचारा. यंत्र कोणतं वापरणार? आधी एका चौकोनावर करून दाखवणार का? रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं, ते लावून दाखवणार का? नीट काम करणारा माणूस या प्रश्नांनी चिडत नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा जरूर करा. हार तारेत नको, दोऱ्यात ओवलेला घ्या आणि गाडी चालवण्याआधी उचलून काढा. स्वस्तिक पत्र्यावर काढण्याऐवजी काचेवर काढा. हळद-कुंकू उन्हात वाळू देऊ नका, आणि काढताना कोरडं पुसू नका, आधी पाणी सोडा.

आमच्या गटातल्या दोघी आता त्याच केंद्रावर आठवड्यातून दोन दिवस यंत्र शिकायला जातात. तालुक्यात गाड्या वाढत आहेत, आणि एका अंगानं नीट धुऊन देणारे हात कमी आहेत. तुमच्या गटात कुणाला हे काम शिकायचं असेल तर पुढच्या मासिक बैठकीत विषय मांडा. सुरुवात दोन बादल्या आणि एका मऊ हातमोज्यापासून होते.