हळवी आहे, दुबळी नाही

ताईंनो, बैठकीत चौघी एकदम बोलायला लागल्या की एखादी गप्प होते. हप्त्यावरून कुणी आवाज चढवला की तिच्या डोळ्यांत पाणी येतं. "हिला काही बोलायची सोयच नाही," असं आपण म्हणून जातो. मग ती यायचीच बंद होते.

हा आजार नाही आणि नाटकही नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ इलेन एरन यांनी या अतिसंवेदनशील स्वभावाचा अभ्यास करून १९९६ साली पुस्तक लिहिलं. त्यांच्या अंदाजाने शंभरात १५ ते २० जणांचा स्वभाव असा असतो, बायकांचा तसा पुरुषांचाही.

ओळखायचं कसं? गोंगाट, भगभगीत उजेड, उग्र वास लवकर सोसवत नाही. चार कामं एकदम आली की गोंधळ उडतो. दुसरीचं दुःख न सांगता कळतं. निर्णयाआधी खूप विचार होतो. बारीकसारीक गोष्टी चटकन लक्षात येतात. अशी सखी हिशोबाच्या वहीला आणि अडचणीतल्या सभासदाला फार कामाची.

तिच्यासाठी एवढं करा: एका वेळी एकीनेच बोला. चूक चारचौघीत न सांगता बाजूला घेऊन सांगा. कर्जाचा विषय आदल्या दिवशी कळवा. आणि तुम्हीच अशा असाल, तर कामातून रोज थोडा वेळ शांत बसा. तो आळस नव्हे.

मात्र दोन आठवडे सलग मन उदास असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर स्वभाव म्हणून सोडू नका. टेली-मानसच्या १४४१६ वर मोफत बोला.