ग्लुटामेटचा तोतया

१९८७ सालच्या नोव्हेंबरअखेरीस कॅनडात शिंपले खाऊन माणसं आजारी पडू लागली. उलट्या-जुलाबांत नवल नव्हतं. पण काहींना झटके येऊ लागले, तर काहींच्या नवं काही लक्षातच राहीना. शंभराहून अधिक जणांना बाधा झाली. काही वयस्कर रुग्ण दगावले. शिंपले होते प्रिन्स एडवर्ड बेटावरचे, आपल्या गोव्याकडच्या शिनाण्यांचे भाऊबंद. त्यांच्यात सापडलं डोमोइक आम्ल. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालात ते तयार होतं आणि शैवाल गाळून खाणाऱ्या शिंपल्यांत साठतं.

हे आम्ल म्हणजे ग्लुटामेटचा तोतया. मेंदूत एका पेशीनं दुसरीला चेतवायचं, तर बहुतेक वेळा ग्लुटामेटच लागतं. (अजिनोमोटोमध्येही तेच असतं, पण जेवणातलं ग्लुटामेट मेंदूत फारसं शिरत नाही, उगाच धास्ती नको.)

दोन पेशींमध्ये जेमतेम २० नॅनोमीटरची फट असते. विद्युत्‌ स्पंद टोकाशी पोचला, की तिथल्या पिशव्या फटीत ग्लुटामेट सोडतात. पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहींना ते चिकटतं, त्यांची दारं उघडतात आणि सोडियम आत घुसतं. एरवी उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असणारा पेशीचा विद्युत्‌ दाब किंचित चढतो. अगदी किंचित. एकट्यादुकट्या निरोपाला पेशी दाद देत नाही; अनेक निरोप एकदम आले आणि दाब उणे ५५च्या घरात गेला, तरच ती पेटते.

एनएमडीए नावाचा ग्राही तर आणखी चोखंदळ. त्याच्या वाटेत मॅग्नेशियमचं बूच असतं. ग्लुटामेट चिकटलेलं हवं आणि पेशी आधीच चेतलेली हवी, तरच बूच निघतं, कॅल्शियम आत येतं आणि त्या दोन पेशींमधला जोड बळकट होतो. आठवणी घडतात त्या बऱ्याच अंशी अशाच.

खरं कसब मात्र थांबवण्यात आहे. शेजारच्या तारकापेशी काही मिलिसेकंदांत फटीतलं ग्लुटामेट उपसून टाकतात. तोतया मात्र ग्राहींना घट्ट धरून बसतो, दारं मिटत नाहीत आणि कॅल्शियमच्या लोंढ्यात पेशी मरते. दगावलेल्यांच्या मेंदूत सर्वाधिक पडझड झाली होती ती हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी जिथे घडतात तिथेच.

पक्षाघातातही काहीसं हेच घडतं. रक्तपुरवठा तुटला की उपशाला ऊर्जा मिळत नाही आणि ग्लुटामेट साचतं. मग एनएमडीए ग्राहीच बंद करावेत, म्हणून औषधं आली. माणसांवरच्या चाचण्यांत ती फसली. रोजचं कामकाज ज्या दारांतून चालतं, ती सरसकट लावून कशी चालतील? अल्झायमरसाठी दिलं जाणारं मेमँटीन त्यामानानं समंजस: उघड्या दारातच ते अडसर घालतं आणि लवकर बाजूलाही होतं.