जगाचा न्याय आणि घरचा न्याय

नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावर जी लेणी आहेत, त्यांतील एका लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेविली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. त्यातून भिक्षूंच्या चीवरांचा व इतर गरजांचा खर्च भागावयाचा होता. हा सर्व व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला व दप्तरी नोंदविला, असेही तो लेख सांगतो. आमच्या मते लेखाचे खरे मोल या शेवटच्या वाक्यात आहे. दर आधी ठरला, चारचौघांत जाहीर झाला आणि कोणाच्या लहरीने बदलता येऊ नये म्हणून दगडावर कोरला गेला. व्यापाराचा पाया तो हाच.

हा पाया आज दोन ठिकाणी खचत आहे : दूर जिनिव्हात आणि अगदी जवळ लासलगावात. जिनिव्हाची बातमी आतल्या पानावर वाचावयाची आणि लासलगावची जिल्हावृत्तात, अशी आपली सवय आहे. पण ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत, हे आमच्या वाचकांपुढे मांडावे असे आम्हांस वाटते.

१९४७ साली तेवीस राष्ट्रांनी जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण करारावर, म्हणजे ‘गॅट’वर, सह्या केल्या. नुकताच स्वतंत्र झालेला भारत त्या तेविसांत होता. कराराचे पहिलेच कलम असे की एका राष्ट्राला दिलेली सवलत सर्व सभासदांना मिळावी. दुबळ्याला बळवंताच्या बरोबरीने बसविणारे हे कलम आहे. त्याच करारातील चोविसाव्या कलमाने मात्र काही राष्ट्रांना आपापसांत जकातमुक्त गट करण्याची मुभा दिली. अट एवढीच की आपसांतील जवळजवळ सर्व व्यापार खुला व्हावा आणि बाहेरच्यांवर नवा बोजा पडू नये. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. आज तिचे १६६ सभासद आहेत. पण अपवाद म्हणून उघडलेल्या त्या दारातून साडेतीनशेहून अधिक प्रादेशिक करार आत आले आहेत. तंट्यांचा अंतिम निवाडा करणारे संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून सभासदांच्या नेमणुकीअभावी बंद पडले आहे. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर आधी शेकडा पंचवीस आणि त्याच महिन्यात आणखी पंचवीस जकात लादली, तेव्हा दाद मागण्यास न्यायालयच उरलेले नव्हते. ‘हा कोठला न्याय?’ असे आपण सर्वांनी विचारले आणि ते योग्यच होते.

परंतु हाच प्रश्न आमच्या जिल्ह्यातील कांदा उत्पादक कित्येक वर्षे विचारीत आहे, आणि तो परक्या राष्ट्राला नव्हे, स्वकीयांना विचारीत आहे. ता. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर शेकडा चाळीस शुल्क बसले. ऑक्टोबरअखेर टनास आठशे डॉलर हे किमान निर्यातमूल्य आले. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निर्यात पार बंद झाली. ३१ मार्चला संपावयाची ती बंदी पुढे वाढविण्यात आली आणि मे २०२४ मध्ये शुल्क व किमान मूल्य लावून उठविण्यात आली. सप्टेंबरात किमान मूल्य गेले, शुल्क निम्मे झाले. १ एप्रिल २०२५ रोजी तेही गेले. वीस महिन्यांत इतके फेरे! आम्ही एके काळी शाळामास्तर होतो. पोरांनी पेपर अर्धा सोडविल्यावर प्रश्न बदलणाऱ्या परीक्षकाला काय म्हणावे, हे आम्हांस ठाऊक आहे.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघतो आणि पावसाळा संपेपर्यंत चाळीत राहतो. सडीची व वजनातील घटीची जोखीम शेतकरी पत्करतो ती पुढे बरा भाव येईल या एकाच भरवशावर. तो भाव आला की दिल्लीहून हुकूम सुटतो. भाव पडतो तेव्हा मात्र कोणताच हुकूम तितक्या तातडीने सुटत नाही. बंदीच्या काळातील अपवादही पाहा. एप्रिल २०२४ मध्ये बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस व श्रीलंका या सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठविण्याची परवानगी जाहीर झाली. त्याच सुमारास गुजरातेतील दोन हजार टन पांढऱ्या कांद्यालाही वाट मिळाली. कोणाला द्यावयाचे आणि कोणाला नाही हे सामान्य नियमाने नव्हे, मर्जीने ठरले. सर्वांना समान वागणूक या ज्या तत्त्वासाठी आपण जगाशी भांडतो, ते घरच्या अंगणात असे विसरले गेले.

यावर आमचे शहरी वाचक म्हणतील, ‘कांदा शंभर रुपये झाला की आमच्या स्वयंपाकघराचे काय?’ हा प्रश्न खोटा नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला महागाई प्रथम बोचते आणि त्याची काळजी वाहणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. गॅटच्या अकराव्या कलमानेही अन्नाची तीव्र टंचाई निवारण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी मान्य केली आहे. पण शब्द ‘तीव्र’ आहे आणि ‘तात्पुरती’ आहे. शेतीविषयक कराराचे बारावे कलम सांगते की अशी बंदी घालणाऱ्याने आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा व आगाऊ सूचना द्यावी. विकसनशील देशांना यातून सूट आहे. पण जो देश त्या जिनसेचा निव्वळ निर्यातदार आहे त्याला ती सूट नाही. कांद्यात आपण निर्यातदार आहोत. सप्टेंबर २०१९ मधील बंदीनंतर बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या असता, आपण आचाऱ्याला कांदा न घालण्यास सांगितले आहे, असे हसत म्हणाल्या. आधी सूचना मिळाली असती तर बरे झाले असते, हेही त्यांनी सुचविले. त्या हसण्यातील टोचणी आपल्याला कळावयास हवी होती. असे गिऱ्हाईक दुसरे दुकान शोधते, आणि एकदा सापडले की परतण्याची घाई करीत नाही.

याउलट द्राक्षांचे उदाहरण घ्यावे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यामुळे युरोपात आमची द्राक्षे अडकली व बागाईतदार होरपळून निघाले. ती मर्यादा आपल्याला कोणी वेळेवर कळविलीच नाही, ही त्यांची तक्रार होती. नियम कडक आहे अशी ती तक्रार नव्हती. नियम कळल्यावर त्यांनी फवारणी सुधारली, तपासणी पत्करली आणि युरोपची बाजारपेठ राखली. नाशिकचा शेतकरी कडक नियमाला भीत नाही. रात्रीतून बदलणाऱ्या नियमापुढे मात्र त्याचा इलाज चालत नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने बँकॉक येथे ‘आरसेप’ या पूर्वेकडील मोठ्या गटात न जाण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर अमिराती, ऑस्ट्रेलिया, युरोपातील ‘एफ्टा’ गटाची चार राष्ट्रे आणि ब्रिटन यांच्याशी करार झाले. हे करार वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण करार म्हणजे परक्याने आपल्यासाठी उघडलेले दार. त्यातून माल नेमक्या वेळी बाहेर पडेल याची हमी आपण देणार नसू, तर त्या दाराचा उपयोग काय?

म्हणून आमची मागणी साधी आहे. कांद्याचा भाव कोणत्या मर्यादेपलीकडे गेला असता निर्यातीवर कोणते बंधन येईल, हे पेरणीपूर्वी जाहीर व्हावे. बंधनाची मुदत आरंभीच ठरावी व ती पाळली जावी. शहरी ग्राहकासाठी भाव पाडावयाचा असेल तर त्याची किंमत एकट्या उत्पादकाने न सोसता सरकारी तिजोरीने सोसावी. परदेशी व्यापार हा राज्यघटनेने केंद्राकडे दिलेला विषय असला तरी शेती राज्यांची आहे. तेव्हा अशा निर्णयापूर्वी राज्याचे मत घेतले जावे.

जगाच्या व्यासपीठावर भारत नियमांचा कैवार घेतो, आणि दुबळ्या राष्ट्रांना नियमावाचून दुसरा आधार नाही हे खरे आहे. पण जो घरी नियम पाळतो त्याच्याच शब्दाला बाहेर वजन येते. दोन हजार वर्षांपूर्वी गोवर्धनच्या कोष्ट्याला पुढल्या वर्षीचा व्याजदर ठाऊक होता. आज लासलगावच्या शेतकऱ्याला पुढल्या आठवड्याचा नियम ठाऊक नसावा, ही गोष्ट आपल्या प्रजासत्ताकाला शोभणारी नाही.