अँड्रॉइड उपयोजनांचा मोबदला

अँड्रॉइड या मुक्तस्रोत मोबाइल मंचासाठी उपयोजने (अ‍ॅप) तयार करणाऱ्या व्यक्तींना व संस्थांना त्या कामाबद्दल मिळणाऱ्या पैशास येथे उपयोजनांचा मोबदला म्हटले आहे. हा मोबदला विक्रीची किंमत, वर्गणी, उपयोजनांतर्गत खरेदी, जाहिराती, स्पर्धेतील बक्षीस, शासकीय कंत्राट किंवा ऐच्छिक देणगी अशा अनेक वाटांनी मिळतो. अँड्रॉइडची मूळ आज्ञावली कोणालाही विनामूल्य घेता व बदलता येते. मात्र त्यावर चालणारी उपयोजने जेथे विकली जातात ती बाजारपेठ बहुतांशी एकाच कंपनीच्या हाती आहे. या विसंगतीतून उभा राहिलेला वाद भारतात स्पर्धा आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि त्यात महाराष्ट्रातील काही उद्योगांचा थेट संबंध आला.

संज्ञा

उपयोजन लिहिणाऱ्यास मराठीत 'विकासक' म्हटले जाते. पुण्यात हा शब्द उच्चारताच इमारती बांधणारा व्यावसायिक डोळ्यांसमोर येतो. या लेखात तो केवळ संगणकीय अर्थाने वापरला आहे.

'मुक्त' आणि 'फुकट' यांतील भेदही येथे लक्षात घ्यावा लागतो. इंग्रजीत दोन्हींसाठी 'फ्री' हा एकच शब्द असल्यामुळे मुक्त आज्ञावलीच्या पुरस्कर्त्यांना आपले म्हणणे वारंवार समजावून सांगावे लागले. मराठीत ही अडचण मुळातच नाही. मुक्तस्रोत उपयोजन म्हणजे ज्याची आज्ञावली वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची मुभा परवान्याने दिलेली आहे असे उपयोजन. ते पैसे घेऊन विकण्यास जीएनयू परवान्यासारख्या प्रसिद्ध परवान्यांचीही आडकाठी नाही. अँड्रॉइडचा बराचसा भाग अपाची परवान्याखाली, तर त्यातील लिनक्सचा गाभा जीएनयू परवान्याखाली प्रसिद्ध होतो. याउलट 'गूगल प्ले' हे दुकान आणि गूगलच्या इतर सेवा मुक्तस्रोत नाहीत. त्या फोनमध्ये बसवण्यासाठी उत्पादकास गूगलशी वेगळा करार करावा लागतो.

प्रारंभ

अँड्रॉइडची घोषणा ५ नोव्हेंबर २००७ रोजी झाली, तेव्हा बाजारात त्यावर चालणारा एकही फोन नव्हता. जो फोन अस्तित्वातच नाही त्यासाठी उपयोजन कोण लिहिणार, हा प्रश्न गूगलने पैशाने सोडवला. विकासकांसाठी एकूण १ कोटी डॉलरच्या बक्षिसांची स्पर्धा जाहीर झाली. पहिल्या पर्वात १,७८८ प्रवेशिका आल्या. त्यांतील ५० जणांना प्रत्येकी २५,००० डॉलर मिळाले. पुढे त्यांतूनच १० जणांना प्रत्येकी २,७५,००० आणि आणखी १० जणांना प्रत्येकी १,००,००० डॉलर देण्यात आले. नव्या मंचाकडे विकासक वळवण्यासाठी आधी थेट पैसे देण्याचा हा मार्ग नंतर इतरांनीही अनुसरला.

ऑक्टोबर २००८ मध्ये 'अँड्रॉइड मार्केट' हे दुकान सुरू झाले. त्यात सशुल्क उपयोजने फेब्रुवारी २००९ पासून आली. किमतीतील ७० टक्के विकासकास आणि ३० टक्के वितरणाच्या साखळीस ही विभागणी तेव्हापासूनची आहे. मार्च २०१२ मध्ये दुकानाचे नाव 'गूगल प्ले' झाले. विकासकास नोंदणीसाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात.

भारतातील विक्रीची अडचण

प्रारंभीच्या काळात भारतीय विकासकांना या दुकानात उपयोजन ठेवता येई, पण पैसे घेऊन विकता येत नसे. विक्रेते म्हणून मान्यता मिळालेल्या देशांच्या यादीत भारत नव्हता. त्यामुळे जाहिराती दाखवून किंवा परदेशी ग्राहकांसाठी कंत्राटी काम करून उत्पन्न मिळवण्याची सवय येथील विकासकांना लागली. विक्रीची सोय झाल्यावरही ग्राहकाकडे क्रेडिट कार्ड नसणे ही मोठी अडचण राहिली.

जुलै २०१५ मध्ये गूगलने भारतातील किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. ग्राहकाच्या दृष्टीने ती चहाच्या पेल्याएवढी झाली खरी. विकासकाच्या दृष्टीने हिशेब निराळा होता. १० रुपयांतून ३० टक्के वजा जाता ७ रुपये उरत. केवळ अशा विक्रीतून करापूर्वी दरमहा २०,००० रुपये मिळवायचे तर महिन्याला सुमारे २,८५७ नवे ग्राहक मिळणे आवश्यक होते, कारण एकदा विकत घेतलेल्या उपयोजनाचे पैसे तोच ग्राहक पुन्हा देत नाही. वर्गणी आणि उपयोजनांतर्गत खरेदी हे प्रकार पुढे का वाढले, ते या साध्या गणितावरून कळते.

इंडस ओएस व अ‍ॅप बझार

प्ले दुकानाला पर्याय उभा करण्याचा महाराष्ट्रातील लक्षणीय प्रयत्न मुंबईत झाला. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि सुधीर बंगारमबंडी यांनी 'फर्स्टटच' ही कंपनी स्थापन केली. अँड्रॉइडच्या मुक्त आज्ञावलीवर आधारलेली त्यांची प्रणाली २०१५ पासून 'इंडस ओएस' या नावाने ओळखली जाऊ लागली. मायक्रोमॅक्ससारख्या भारतीय कंपन्यांच्या स्वस्त फोनमध्ये ती बसवलेली असे आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येई.

या प्रणालीबरोबर 'अ‍ॅप बझार' हे स्वतंत्र दुकान होते. तेथे उपयोजने भारतीय भाषांत शोधता येत. ईमेल खाते उघडण्याची सक्ती नव्हती. आणि किंमत फोनच्या रिचार्जच्या शिल्लक रकमेतून वळती करण्याची सोय होती. कार्ड नसलेला, इंग्रजी न वाचणारा माणूसही उपयोजन विकत घेऊ शकतो, ही त्यामागील धारणा होती. मोबाइल सेवा कंपनीमार्फत पैसे घेण्याच्या पद्धतीत त्या कंपनीचाही वाटा असतो, म्हणून विकासकाच्या हाती प्रत्येक विक्रीमागे अधिक रक्कम पडेलच असे नव्हते. त्याचा लाभ ग्राहकांची संख्या वाढण्यात होता.

चिनी फोनांच्या लाटेत भारतीय फोन कंपन्या मागे पडल्या, तशी ही प्रणालीही मागे पडली. दुकान मात्र टिकले. सॅमसंगच्या गॅलेक्सी स्टोअरच्या भारतीय आवृत्तीसाठी त्याचा उपयोग करण्यात आला. २०२२ मध्ये फोनपे कंपनीने इंडस ओएस विकत घेतली आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी 'इंडस अ‍ॅपस्टोअर' हे नवे दुकान १२ भारतीय भाषांत सुरू केले. पहिल्या वर्षी विकासकांकडून नोंदणीशुल्क नाही, उपयोजनांतर्गत खरेदीवर दलाली नाही, आणि पैसे घेण्यासाठी कोणतीही देयकव्यवस्था वापरण्याची मोकळीक, अशा त्याच्या अटी होत्या. त्या जाहीर होण्याची वेळ महत्त्वाची होती, कारण प्ले दुकानाच्या शुल्कावरील संघर्ष तेव्हा ऐन भरात होता.

शुल्काचा वाद

गूगल प्लेचे शुल्क सर्व व्यवहारांवर लागत नाही. उपयोजनातून बाकरवडी घरपोच मागवली किंवा रिक्षा बोलावली, तर त्या पैशांतील काहीही गूगलला द्यावे लागत नाही. पण उपयोजनातच मराठी श्राव्यपुस्तक विकत घेतले, खेळातील एखादे शस्त्र घेतले किंवा विवाह जुळवणाऱ्या सेवेची वर्गणी भरली, तर तो 'डिजिटल वस्तू'चा व्यवहार ठरतो आणि त्यावर शुल्क आकारले जाते. १ जुलै २०२१ पासून विकासकाच्या वर्षातील पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावर १५ टक्के व त्यापुढे ३० टक्के, आणि १ जानेवारी २०२२ पासून वर्गणीवर १५ टक्के असे दर झाले. गूगलचा युक्तिवाद असा की, हे शुल्क केवळ पैसे गोळा करण्याचे नसून सुरक्षा, वितरण व मंचाची देखभाल यांचे आहे. शिवाय भारतातील विकासकांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनाच ते लागू होते, असेही कंपनीने सांगितले.

भारतीय कंपन्यांचा आक्षेप वेगळा होता. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याला शुल्क पडत नाही. असे असताना ग्राहकाने यूपीआयने भरलेल्या १०० रुपयांतील १५ किंवा ३० रुपये का द्यावेत, आणि गूगलचीच देयकव्यवस्था वापरण्याची सक्ती का, असे त्यांचे प्रश्न होते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी या सक्तीला वर्चस्वाचा गैरवापर ठरवून गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्याआधी पाचच दिवस, फोन उत्पादकांवर लादलेल्या अटींबद्दल १,३३७.७६ कोटी रुपयांचा स्वतंत्र दंड झाला होता. हे दोन आदेश अनेकदा एकच समजले जातात. विकासकांच्या मोबदल्याशी थेट संबंध आहे तो दुसऱ्याचा, म्हणजे लहान रकमेच्या आदेशाचा.

यानंतर गूगलने पर्यायी देयकव्यवस्थेस परवानगी दिली, मात्र शुल्क माफ केले नाही. ते केवळ ४ टक्क्यांनी कमी केले. म्हणजे १५ ऐवजी ११ आणि ३० ऐवजी २६. दुसऱ्या देयकसेवेचे शुल्क शंभरामागे ४ रुपये झाले की विकासकाचा फायदा संपतो. यूपीआयवर फायदा राहतो, पण कार्डाच्या व्यवहारात तो फारच थोडा उरतो. सक्ती गेली तरी ओझे जवळपास तेवढेच राहिले, ही विकासकांची तक्रार या आकड्यांवरून समजण्यासारखी आहे.

काही कंपन्यांनी मद्रास उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला, आणि १ मार्च रोजी गूगलने शुल्क न भरणाऱ्या १० कंपन्यांची उपयोजने दुकानातून काढण्यास सुरुवात केली. त्यांत मुंबईची शादी डॉट कॉम आणि मराठी श्राव्यपुस्तकेही देणारे कुकू एफएम ही उपयोजने होती. ज्यांच्या फोनमध्ये ती आधीपासून होती त्यांचे काम चालू राहिले, पण नव्या ग्राहकांसाठी दार बंद झाले. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांच्या मध्यस्थीनंतर काही दिवसांतच ती परत आली. शुल्काचा प्रश्न मात्र सुटला नाही. २८ मार्च २०२५ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने दंडाची रक्कम २१६.६९ कोटी रुपयांवर आणली. त्यावरील अपिले ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीसाठी दाखल करून घेतली.

पुणे

पुण्यात संगणक अभियंत्यांची संख्या मोठी आहे. तथापि त्यांतील बहुतेक जण पगारदार आहेत. उपयोजनाची किंमत घटली वा वाढली तरी त्यांच्या उत्पन्नात थेट फरक पडत नाही. स्वतःचे उत्पादन ग्राहकांपर्यंत नेणाऱ्यांत 'सुपरगेमिंग' या पुणेस्थित कंपनीचे उदाहरण ठळक आहे. तिचे 'मास्कगन' आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले 'इंडस बॅटल रॉयल' हे खेळ विनामूल्य उतरवून घेता येतात. पैसे द्यावे लागतात ते खेळातील वेश, शस्त्रांची सजावट इत्यादींसाठी. (या खेळाच्या नावातील 'इंडस'चा वर उल्लेखिलेल्या दुकानाशी संबंध नाही.) मोठ्या संख्येने खेळणाऱ्यांपैकी थोडे जण पैसे देतात आणि त्यांच्यावर उरलेल्यांचा खर्च चालतो, अशी ही रचना आहे. पुस्तक किंवा नाटकाचे तिकीट विकत घेण्याच्या रुळलेल्या व्यवहाराहून ती अगदी वेगळी ठरते.

प्रगत संगणन विकास केंद्राचे (सी-डॅक) मुख्यालय पुण्यात आहे. या संस्थेने उभारलेल्या 'मोबाइल सेवा' या शासकीय दुकानात उपयोजन ठेवण्यास शुल्क पडत नाही. तेथील भर लोकसेवांच्या उपयोजनांवर असल्याने विकासकास मोबदला मिळतो तो ग्राहकाकडून नव्हे, तर शासकीय कामाच्या खर्चातून. बक्षिसाचा मार्गही केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये अवलंबला. 'आत्मनिर्भर भारत' उपयोजन स्पर्धेत ६,९४० प्रवेशिका आल्या. प्रत्येक गटात २०, १५ आणि १० लाख रुपयांची बक्षिसे होती. आरोग्य गटात मुंबईच्या 'स्टेपसेटगो'ने बाजी मारली.

देणगी आणि दुहेरी विक्री

पूर्णतः मुक्तस्रोत उपयोजनांसाठी 'एफ-ड्रॉइड' हे दुकान २०१० मध्ये सुरू झाले. तेथे विक्रीची व्यवस्था नाही; विकासकाने दिलेला देणगीचा दुवा उपयोजनाच्या माहितीपुढे दिसतो. त्यावर काही विकासकांनी एक चतुर तोड काढली आहे. नकाशे दाखवणारे 'ऑस्मअँड' आणि दिनदर्शिका जुळवणारे 'डॅव्हएक्स५' ही उपयोजने एफ-ड्रॉइडवर विनामूल्य मिळतात, तर गूगल प्लेवर त्यांच्यासाठी किंवा त्यांच्या पूर्ण आवृत्तीसाठी पैसे द्यावे लागतात. परवान्याच्या दृष्टीने यात काहीच वावगे नाही. प्ले दुकानातील ग्राहक सोयीचे पैसे देतो, आणि त्यातून आज्ञावली सर्वांसाठी खुली राहते.

भारतीय भाषांतील मुक्तस्रोत उपयोजनांना मात्र ही तोड क्वचितच लाभते. केरळमधील 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' या गटाशी निगडित 'इंडिक कीबोर्ड' मराठीसह २०हून अधिक भाषांत टंकनाची सोय देतो आणि तो विनामूल्य आहे. गूगलचा स्वतःचा कळफलक फुकट मिळत असताना कळफलकासाठी पैसे मागणे व्यवहार्य नसते. अशा कामांसाठी अलीकडे संस्थात्मक निधीचा मार्ग पुढे आला आहे. बंगळूरच्या झिरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरातील मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. त्यासाठी प्रकल्पाने आपली आर्थिक गरज ठरावीक नमुन्यातील एका धारिणीत लिहून प्रसिद्ध करावी लागते.